सात नंबरची जर्सी

पिशवी उघडली आणि साबणाचा ताजा वास आला. पंधरा जर्स्या इस्त्री केल्यासारख्या घडी घालून ठेवलेल्या. माझी त्यात नव्हती. माझी काकूंच्या हातात होती, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर घट्ट गाठ मारलेली. मी गाठ सोडली. गेल्या रविवारचा चिखल तसाच होता, वाळून कडक झालेला. आठवडाभर कोंडलेल्या घामाचा आंबूस वास. पाठीवर सात नंबर.

काकू आपल्या मुलीला, सानिकाला, मराठीत म्हणाल्या, "तिची वेगळी ठेवलीय हं. आपल्यात नाही घातली."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. काकूंना वाटायचं मला मराठी येत नाही. कारण त्या काही विचारायच्या आणि मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. इथली सगळीच पोरं असं करतात. काकू स्वतःला फार हुशार समजायच्या, पण एवढं काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

हे कोलोनमधलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आमच्या हॉकी क्लबात जर्स्या संघाच्या असायच्या. सामना झाला की सगळ्या एका मोठ्या पिशवीत भरायच्या आणि एका घरी धुवायला द्यायच्या. पाळी प्रत्येकाची. डॉक्टरची बायको धुवायची, वकील धुवायचा, माझी आई धुवायची. त्या आठवड्यात पाळी काकूंची होती.

काका-काकू, म्हणजे सानिकाचे आईवडील, पुण्याचे. काका सॉफ्टवेअरमध्ये. माझे पप्पाही पुण्याचेच, पण खडकीचे, आणि ते गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला पहिल्यांदा भेट झाली तेव्हा काकूंनी विचारलं, "आडनावावरून नाही कळलं हो. मूळचे कुठले?" पप्पांनी सरळ सांगितलं, "खडकी. वडील कँटोन्मेंटात सफाई कामगार होते." काकूंच्या हातात आईची करंजी होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली. म्हणाल्या, उपास आहे. पाचच मिनिटांनी त्यांनी केकचा तुकडा उचलला. चांगला अंडी घातलेला केक.

आणि त्यांचं वॉशिंग मशीन म्हणाल तर घरातलंसुद्धा नाही. बिल्डिंगच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एक. त्यात साऱ्या भाडेकरूंचे मोजे फिरतात, चड्ड्या फिरतात, कुणाच्या कुत्र्याचं पांघरूण फिरतं. ते सगळं चालतं. सात नंबर चालत नाही.

तो दिवस साधा नव्हता. राज्याच्या मुलींच्या संघासाठी क्लबातून एकच नाव जाणार होतं. निवड करणाऱ्या बाई सामना बघायला येणार होत्या. नावं दोन होती. माझं आणि सानिकाचं. मी दोन वर्षं संघात सगळ्यात जास्त गोल केले होते. सानिका वर्षभरापूर्वी आलेली. उंच, टेनिस शिकलेली, पळताना छान दिसायची. ती पुढे फार मोठी होणार असं सगळे म्हणायचे. पुढे. कधी ते कुणी सांगत नव्हतं.

काकांनी तर तक्ता केला होता. ऑफिसात करतात तसा, रंगीत. तो छापून ट्रेनरला दिला. डाव्या रकान्यात मी, उजव्यात सानिका. माझ्याखाली लिहिलं होतं: ताकद, दम, सवय. तिच्याखाली: समज, शैली, भविष्य. गोलांची ओळच नव्हती. कुंपणाशी कॉफी पीत काका ट्रेनरला सांगत होते, "मेहनत त्या मुलीच्या रक्तातच आहे. आमची डोक्याने खेळते." ट्रेनर म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर. त्या माणसाला जातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्याला ते लगेच पटलं.

असल्या माणसांनी मला तोललं.

तर मी हातात ती जर्सी घेऊन उभी. ट्रेनर आला, चिखल बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. "अरे, हे काय? आज?"

मी म्हणाले, "मीच विसरले. घरी राहिली होती."

का म्हणाले? आजही त्याचा मला संताप येतो. घाण त्यांनी केली आणि लाज मला वाटली. काकूंचं नाव झाकलं मी. सानिका बुटाची नाडी बांधत होती. तिने वर बघितलं नाही. ती वाईट नव्हती. नुसती गप्प होती, आणि गप्प राहण्यासाठी तिला काहीच मोजावं लागत नव्हतं.

मी तशीच खेळले. दोन गोल केले. दुसरा पेनल्टी कॉर्नरवर, डावीकडून, जमिनीलगत. तो फटका आजोबांचा. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या काठ्या तारेने बांधून ते खडकीच्या लाल मातीत खेळायचे. मी दहा वर्षांची होईपर्यंत दर सुट्टीत खडकीला गेले की ते मला रोज तो मारायला लावायचे. सानिकाने एक सुंदर पास दिला. त्याचं पुढे काही झालं नाही.

निवड सानिकाची झाली.

बाई मला म्हणाल्या, "तू काय आहेस ते आम्हाला दिसलंय. ती काय होईल ते अजून दिसायचंय, म्हणून ती." मग जर्सीकडे बोट दाखवलं. "आणि शिस्त. आजच्या दिवशी हे विसरतेस?" माझंच खोटं माझ्याच नावापुढे लिहिलं गेलं. त्यावर ट्रेनर खांद्यावर थाप मारून म्हणाला, "शिबिराला दोन आठवडे आहेत. तो तुझा कॉर्नरचा फटका सानिकाला शिकव ना."

सफाई कामगाराचा फटका चालतो. त्याच्या नातीची जर्सी तेवढी बाटवते.

पिशवी त्या दिवशी आमच्या घरी आली. पाळी आमची होती. आई ती उचलून निघाली तेव्हा मी म्हणाले, "आई, हात लावू नको." आणि सगळं सांगितलं. पप्पा म्हणाले, "जाऊ दे. परक्या देशात तमाशा नको." आईने पिशवीकडे बघितलं. तिची आई जन्मभर दुसऱ्यांच्या घरची धुणी धूत होती. मग तिने पिशवीचं तोंड आवळलं आणि ती दाराशी नेऊन ठेवली. "अशीच घेऊन जा," म्हणाली.

पुढच्या सामन्याला पालकांनी केकचं टेबल मांडलं होतं. शेजारच्या बाकावर मी पिशवी उपडी केली. सोळा जर्स्या, चिखल, घाम, वास. एक वकील ओरडला, "हे काय? धुण्याची पाळी सगळ्यांना असते!"

मी जर्मनमध्ये म्हणाले, "सगळ्यांना? मग गेल्या वेळी माझीच जर्सी का धुतली नाही? मी विसरले नव्हते. यांनी ती बाजूला काढली. माझे आजोबा झाडू मारायचे म्हणून."

मग काकूंकडे वळले. मराठीत बोलले, पहिल्यांदा. "काकू, माझी वेगळी ठेवली होती ना? आपल्यात नाही घातली. आज बघा, सगळ्या एकत्र आहेत."

काकूंच्या तोंडाचा रंग उडाला. त्या म्हणाल्या, "अगं, तुला मराठी येतं?"

बस, एवढंच. माफी नाही, शरम नाही. जे केलं त्याचं काही नाही. मला कळलं, याचाच धक्का.

काका म्हणाले, मशीनमध्ये मावली नसेल. पंधरा मावल्या, सोळावी मावली नाही. हा माणूस रंगीत तक्ते करतो.

ट्रेनर माझ्याजवळ आला. "हे तुमचं आपापसातलं आहे. क्लबात नको. आणि सानिकाला तो फटका..."

"नाही," मी म्हणाले.

ढिगातून सात नंबर काढला, मळकाच घातला आणि मैदानावर गेले. निवड बदलली नाही. बदलणार नव्हतीच. सानिका शिबिराला गेली, मी त्याच क्लबात राहिले आणि गोल करत राहिले. माझी जर्सी तेव्हापासून मी घरी नेऊन स्वतः धुतली.

तो फटका माझ्याकडेच आहे. आणि "मीच विसरले" हे मी पुन्हा कुणासाठी बोलणार नाही. ज्याची घाण, त्याचं नाव घेईन. चारचौघांत, त्याला कळेल त्या भाषेत.