गाडीलाही आग्रह करणारे मामा

माझ्या धाकट्या मामांच्या हातून आजवर कोणाचंही काही कमी भरलेलं नाही. पाहुण्याचं ताट असो, देवापुढची समई असो की शेजारच्या मांजराची वाटी, ते काठोकाठ भरणार आणि वर थोडं सांडणार. बदलापूरच्या त्यांच्या गॅलरीतली तुळस दरवर्षी पाण्याने कुजते आणि मामा दरवर्षी मातीला दोष देतात. मूळ घर चामटोलीचं. तिथली रीत अशी की पाहुण्याचं पहिलं 'पुरे' लाजेचं मानायचं, दुसरं सभ्यतेचं, आणि मग त्याने ताटावर आडवा हात धरला की बोटांच्या फटीतून वाढायचं. लहानपणी मी त्यांच्याकडे जेवून उठताना भिंतीचा आधार घ्यायचो. "पोरगं अर्धपोटी उठलं," असं मामा त्यावर मामीला म्हणायचे, आणि त्यांना ते मनापासून वाटायचं.

मामीची मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी उल्हासनगरला न्यावं लागू लागलं, तेव्हा मामांनी जुनी गाडी घेतली. त्यांचा डावा गुडघा क्लच दाबायला राजी नव्हता म्हणून ऑटोमॅटिक घेतली. आणि मग मामा त्या गाडीलाही आग्रह करू लागले. इंजिनातलं तेल बघायचं तर गाडी सपाट जागी बंद करावी, तेल खाली उतरेपर्यंत जरा थांबावं, तेल मोजायची पट्टी काढून, पुसून पुन्हा बुडवावी, आणि दोन खुणांच्या मधे तेल दिसलं की गुमान घरात जावं. मामा गाडी बंद केल्याक्षणी पट्टी उपसत. तेल अजून वरच असे, पट्टी कोरडी दिसे, आणि मामांचा जीव कळवळे. याउलट गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू आणि चांगलं तापलेलं असताना बघायचं. ते मामा भल्या सकाळी, गाडी गारठलेली असताना बघत. थंडीने आकसलेलं तेल खाली दिसणारच, पण मामांना ती उपासमार वाटे. डिकीत तेलाचे डबे कायम तयार. मी एकदा समजावायला गेलो तर म्हणाले, "तेल जास्त झालं म्हणून गाडी मेल्याचं ऐकलंयस कधी? कमी पडलं की मरते. आणि मधेच बंद पडली तर डायलिसिसला हिला कोण नेणार, तू?" मी कल्याणला नोकरी करतो.

मामीच्या पाण्याचंही तेच. डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून द्यायला सांगितलं होतं, कारण प्यायलेलं बाहेर पडत नव्हतं, अंगातच साचत होतं, आणि ते मशीनने ओढून काढावं लागत होतं. मामांनी हे नीट ऐकलं, दोनदा मान डोलवली, आणि घरी येऊन तिच्या हातात कोकम सरबत दिलं. "घोटभराने काय होतंय?" दुपारी कलिंगड, रात्री भातावर आमटीचं तळं. तहानेने टाळू सुकलेलं माणूस नको कसं म्हणणार? मामीही घेई.

मे महिन्यातल्या एका सकाळी मामीच्या पायांना सूज आली होती आणि तिला दम लागत होता. मी सुट्टीवर होतो, सोबत निघालो. अंबरनाथमध्ये बुवापाड्याच्या अलीकडे गाडीमागे निळसर धुराचा लोट उठला, आणि थोड्याच वेळात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडे, गाडी पुढे जाईना. जवळच एक गॅरेज होतं, तिथवर ती ढकलत नेली. मेकॅनिकने पट्टी बाहेर काढली आणि मामांकडे पाहिलं. "काका, ये किसने डाला? एवढं तर ट्रकमध्ये पण नाही टाकत. इंजिनने घुसळून फेस केलाय सगळा. गिअरबॉक्समध्ये पण सेम." त्याने पट्टीच्या भोकातून बारीक नळी आत सोडली आणि पंपाने तेल ओढायला लागला. डबा भरत चालला तसा मामांचा चेहरा उतरत गेला. "अहो, बस झालं. थोडं राहू द्या की आत," ते अजिजीने म्हणाले.

मी रस्त्यावर रिक्षा बघत होतो. मामी मागच्या सीटवर दार उघडं टाकून बसली होती. ती त्या नळीकडे बघत होती. मधे मधे श्वास घेत ती शांतपणे म्हणाली, "अहो, तिकडे माझंही असंच काढतात. भरता तुम्ही, आणि काढायला परकी माणसं लागतात."

मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. मामांनी डिकीतून काढून हातात धरलेला तेलाचा डबा हळूच खाली ठेवला.

रिक्षाने आम्ही पोहोचलो तोवर मामीची वेळ टळली होती. मशीनवर दुसरं कोणी होतं. मशीन मोकळं होईपर्यंत ती ताठ बसून राहिली, टेकलं की गुदमरायची. जादा तेल काढून गाडी चालती झाल्यावर मामा ती घेऊन मागून आले आणि तिच्याशेजारी बसले. त्या दुपारी मामी हातची जाते असं आम्हाला दोघांनाही वाटलं. ती राहिली.

तेव्हापासून मामा बदलले. गाडी बंद केल्यावर आता पायरीवर बसून वाट बघतात, पट्टी पुसतात, दोन खुणांच्या मधे तेल दिसलं की बॉनेट लावतात. संध्याकाळी मामी रिकामा पेला पुढे करते, "अजून घोटभर," म्हणते, आणि मामा दुसरीकडे बघत म्हणतात, "पुरे." हा शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. आग्रहाने जीव नकोसा करणारा माणूस परवडला, आग्रह सोडलेला बघवत नाही.

परवा गेलो तेव्हा मामी गॅलरीत खुर्चीवर होती. खाली भर उन्हात मामा बॉनेट उघडून बराच वेळ वाकले होते. मी म्हटलं, "पुन्हा भरतायत की काय?"

"नाही रे," मामी म्हणाली. "पाणी पितायत. हल्ली माझ्यासमोर पीत नाहीत. घरातल्या माठाला हात लावत नाहीत. त्यांना वाटतं, मला ठाऊक नाही."

मी वाकून पाहिलं. बॉनेटच्या आडोशाला मामांचं कोपर वर गेलं होतं.

"मी जाऊन सांगू का, तुझी हरकत नाही म्हणून?"

"नको. पिऊ दे निवांत." मग तिने मला तिची खुर्ची आत ओढायला सांगितली, मामांनी वर पाहिलं तर आम्ही दिसू नये म्हणून.