सोयऱ्यांच्या अंगणात हिरवी जीप

१९ एप्रिल, रविवार. वारा बंद, आभाळ पांढरं, आणि ऊन चंद्रपूरचं. म्हणजे आणखी काही लिहायला नको.

चहा गार होऊ देऊ नका, पण माझी फजिती ऐकाच. हसलात तरी हरकत नाही. मी मात्र त्या दिवशी हसलो नव्हतो.

जुनी जीप घ्यायची ठरल्यापासून मला कोणी सुखाने झोपू दिलं नव्हतं. मेहुणा म्हणे, नवीच घ्या, हप्ते पाडा. शेजारचे रामटेकेभाऊ म्हणत, डिझेल घ्याल तर पस्तावाल. त्यांच्याच घरी डिझेलची गाडी, म्हणजे अनुभवी माणूस. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, टायर दाबले, खाली झोपून पाहिलं, इंजिनाला कान लावला आणि गाडी पसंत केली. बायको कुसुम एवढंच म्हणाली, "हा हिरवा रंग मले बरा नाई दिसत." मी म्हणालो, रंगावर गाडी चालते का?

पहिल्याच लांबच्या फेरीला काम नाजूक होतं. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलातल्या एका गावी, आमच्या लेकीसाठी, पल्लवीसाठी मुलाचं घर पाहायला जायचं. मुलगा शिक्षक, पोरीच्या मनातला. निघताना तिने अक्षरशः हात जोडले. "बाबा, तिथं काई गडबड करू नका."

जंगल लागलं. एका वळणावर दोन बायका डोक्यावर मोळ्या घेऊन समोरून आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मोळ्या टाकल्या आणि झाडीत दिसेनाशा झाल्या.

थोडं पुढे एक माणूस सायकलला हिरवे बांबू बांधून चालला होता. त्यानेही मागे वळून पाहिलं, सायकल रस्त्याच्या कडेला सोडली आणि धोतर सावरत पळाला. आता तुम्हीच सांगा, आमच्या भागात माणसं अशी पळाली तर काय समजायचं?

कुसुम हळूच म्हणाली, "मांगं पाहू नका. आपल्या मांगं वाघ हाय."

मी पाहिलंच नाही. आरसासुद्धा फिरवून ठेवला. काचा वर केल्या. एसी चालतो असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्याच्याकडे तो चालत असेल. हॉर्नला वाघ बिचकतो असं कुठेतरी ऐकलं होतं. हॉर्नवर जो हात ठेवला तो गाव येईपर्यंत काढला नाही.

गावात शिरलो आणि दोन्ही बाजूंची दारं धडाधड बंद झाली. मुलाच्या अंगणात मांडवाचे खड्डे खणलेले, एक बांबू उभा, बाकीचे खाली पसरलेले, आणि माणूस एकही नाही. वाघ आमच्या आधीच पोचला की काय? या लोकांना सावध करणं माझं कर्तव्य होतं. काच बोटभर खाली केली आणि ओरडलो, "कोणी घराबाहेर निघायचं नाही. सगळे आतच राहा."

एका घरात लहान मूल रडायला लागलं. लगेच कोणीतरी त्याचं तोंड दाबलं.

आम्ही दोघं आत घामाने निथळत बसलो. दरवाजाकडे हात जाईना. मग समोरचं दार किलकिलं झालं आणि एक म्हातारी पाण्याचा लोटा घेऊन सरळ आमच्याकडे यायला लागली. मी काचेतून विनवत होतो, बाई, आत जा, जीव वाचवा. ती काही थांबली नाही. लोटा खाली ठेवून तिने हात जोडले.

"साहेब, चार-सहाच बांबू हायेत जी. नातवाचे सोयरे येऊन राह्यले, त्यायले सावली कराले जंगलातून आनले. मले घेऊन जा, पन माह्या लेकाले सोडा. आजच्या दिवस तरी."

मी कुसुमकडे पाहिलं. कुसुम जीपच्या बॉनेटकडे पाहत होती.

"अवो," ती म्हणाली, "वाघबिघ काई नाई. हिरवी गाडी म्हन्जे जंगलवाले, फॉरेस्टचे साहेब. हे लोक आपल्यालेच भेऊन पळून राह्यले."

मी काच पूर्ण खाली केली आणि घसा खाकरून सांगितलं, "आजी, आम्हीच ते सोयरे."

म्हातारीने जीपवरून नजर फिरवली, मग माझ्यावरून. "सोयरे असे बोंबलत येत असतेत का, साहेब?"

मुलगा गोठ्यातून निघाला, केसांत कुटाराचा भुसा. त्याच्या वडिलांचा पत्ता नव्हता. सायकल सोडून पळालेले ते धोतरवाले गृहस्थ म्हणजे तेच. दुपारी ते लपतछपत आले, अंगणात जीप पाहिली आणि पुन्हा जंगलाकडे वळले. मुलाने मागून धावत जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

मांडव झालाच नाही. बैठक जीपच्या सावलीत झाली. सोयरीक पक्की ठरली. हुंडा नाही, मानपान नाही. मुलाकडच्यांची एकच अट होती: लेकीला भेटायला येताना आम्ही एसटीने यायचं. ती मी मान्य केली.