पहिल्या दळणाची कच

काल वेशीजवळ रखमाची पिठाची गिरणी सुरू झाली, बायांना गिरण्या काढून देणाऱ्या आमच्या संस्थेनं उभी करून दिलेली. नव्या दगडाच्या पहिल्या पिठात दाताखाली करकरणारी कच येते, ते गिऱ्हाईक कसं नेणार? म्हणून पहिलं दळण अध्यक्षानं आपल्या घरचं आणायचं, ही रीत मी पाडली. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण एवढं कळत होतं. किती गिरण्यांची कच चावली मी! घरची म्हणायची, “दात जातील, अध्यक्षपण तेवढं राहील.” झालं उलटंच. दात शाबूत आहेत.

गेल्या महिन्यात संस्थेचा कारभार मी आमच्यातल्याच शालनकडं सोपवला. तरी काल सवयीनं ज्वारीचा डबा घेऊन मीच पुढं झालो. बघतो तर शालन आपला डबा घेऊन आधीच उभी.

“आबा, मागं नंबर लावा. पहिलं दळण माझं.”

“मला नंबर लावायला सांगणारी तू कोण गं?”

“अध्यक्ष.”

बाया खदखदून हसल्या. मी डबा उचलून मागं सरलो.

तिच्या डब्यात करडं पीठ पडलं, माझ्या डब्यात पांढरंशुभ्र. घरी येऊन भाकरी खाल्ली, मऊसूत होती. तरी प्रत्येक घास मी जपूनच चावत होतो, दाताखाली काहीतरी यायची वाट बघत.