पडद्यावरच्या हवालदाराची ओळख परेड

१९९७ सालच्या फेब्रुवारीतला मंगळवार. मुद्देमाल खोलीतल्या पुडक्यांच्या चिठ्ठ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि मी त्या नव्याने लिहून बांधत होते. तिथून पुढचे पाच दिवस मी विसरलेले नाही. आठवले की आजही चीड येते, आणि त्यातली बरीचशी स्वतःची येते.

मी तेव्हा सुरतेत फौजदार होते. लिंबायत आणि पर्वत पाटियाच्या बाजूला महिनाभर एक तोतया पोलीस फिरत होता. दुपारी, पुरुषमाणसं कारखान्यात असताना, खाकी वर्दीतला एक पोट सुटलेला माणूस दार वाजवायचा. "पुढच्या गल्लीत दरोडा पडलाय, दागिने काढून कागदात बांधून ठेवा," म्हणायचा, पुडी बांधायला मदत करायचा आणि निघून जायचा. बाई पुडी उघडायची तेव्हा आत खडे. तीन फिर्यादी दाखल होत्या. वरून रोज फोन येत होता.

तर मी चिठ्ठ्या लिहीत असताना आमचा बातमीदार आला. पानवाला होता, सुरतेत नवा.

"मॅडम, माझ्या शेजारच्या खोलीत एक जाडा राहतो. दोरीवर खाकी वर्दी वाळत घालतो. आणि दुपारी आतून ओरडतो, 'पोलीस! दार उघड!'"

"कुणाला ओरडतो?"

"कुणालाच नाही. एकटाच असतो."

तासाभरात पंचांसमक्ष झडती घेतली. पत्र्याच्या पेटीत वर्दी मिळाली, टोपी मिळाली, काठी मिळाली. माणूसही मिळाला. पन्नाशीचा, गरगरीत, मूळचा धुळ्याकडचा. सकाळी साड्यांच्या घड्या घालायचं काम करायचा आणि बोलावणं आलं की सिनेमात जायचा. स्वस्तातले मारधाडीचे सिनेमे, इथल्याच गुदामांत काढलेले. अकरा वर्षं तो त्यांत एकच काम करत होता: दरोडेखोर पळून गेल्यावर धापा टाकत पोहोचणारा हवालदार. कधी चिखलात पडायचा, कधी स्वतःच्याच साहेबाला बेड्या घालायचा.

चौकशी म्हणजे डोकेदुखी होती. घाबरला की हा माणूस विनोद करायचा आणि त्या दिवशी तो फार घाबरलेला होता.

"नाव?"

"घरचं सांगू का पडद्यावरचं?"

"थोबाडीत खायचीय का?"

"त्याची सवय आहे, मॅडम. पण सिनेमात फटक्याचा आवाज दुसरा कोणी काढतो."

दाराशी उभा असलेला शिपाई फसकन हसला. त्याला मी बाहेर काढलं. दोन मिनिटांत दुसरा चहा घेऊन आला, मी मागवलेला नसताना. खिडकीशी तिसरा.

घटनांच्या दिवशी कुठे होतास, या प्रश्नाला त्याचं तिन्ही वेळा एकच उत्तर होतं. घरी होतो, भिंतीसमोर पाठांतर करत होतो.

"कसलं पाठांतर?"

इथे मात्र तो नीट बोलला. "इन्स्पेक्टरचं काम मिळालंय, मॅडम. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ह्यात मी पडत नाही, मार खात नाही. शेवटी गुन्हेगाराला मीच पकडतो. शुक्रवारी शूटिंग आहे. शुक्रवारी नाही पोहोचलो तर दुसऱ्याला देतील. माझ्या वयाला परत कोण विचारणार?"

"निर्दोष असशील तर सुटशील. उद्या ओळख परेड घेते."

"ती नका घेऊ. मला सगळे ओळखतात."

"फुशारकी पुरे," मी म्हटलं.

अशी कामं करणारे चार-सहा लोक मला माहीत होते. गल्लीबाहेर त्यांना कुत्रं विचारत नसे. हाही तसाच, असं मी धरून चालले. मी स्वतः सिनेमा बघत नव्हते, बघायला वेळ नव्हता.

बुधवारी कोर्टातून तीन दिवसांचा रिमांड घेतला आणि मामलतदार कचेरीत परेड ठेवली. नियमाप्रमाणे सगळं केलं. तोंडावर बुरखा घालून आणला. त्याच्याच अंगलटीची पाच माणसं बाजारातून गोळा केली, त्यांत एक हलवाई होता. परेडच्या खोलीत पोलिसांनी थांबायचं नसतं, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. आतून आधी हसण्याचा आवाज आला. रांगेतली माणसंच हसत होती. मग पहिल्या फिर्यादी बाईचा खानदेशी आवाज, "हाऊच शे! हाऊच शे तो!", म्हणजे हाच आहे तो. दुसरीने खोलीत पाऊल टाकताच बोट दाखवलं. तिसरीने दाखवलं आणि वर "मेल्या, तुला बघून आम्ही किती हसलो रे!" असं सुनावलं.

तिचं हे वाक्य मामलतदारांनी इमानेइतबारे लिहून घेतलं होतं. अहवाल हातात आल्यावर मी ते दोनदा वाचलं. दागिने गेले त्या दुपारी ही बाई हसेल कशाला? मी जमादाराला विचारलं.

"मॅडम, सिनेमात बघून. गणपतीत आणि नवरात्रात गल्लीगल्लीत व्हिडिओ लावतात ना, त्यात ह्याचेच सिनेमे असतात. लिंबायतमध्ये ह्याला शेंबडं पोरही ओळखतं."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

अख्ख्या ठाण्याला माहीत होतं. ज्या माणसाला पाहायला शिपाई न मागता चहा आणत होते, त्याची मी ओळख परेड घेतली होती.

तरीही तीन ओळखी कागदावर आल्या होत्या. वरिष्ठ खूश होते. तपास तिथेच थांबवला असता तर मला कोणी काही म्हटलं नसतं, हेही लिहून ठेवते.

गुरुवारी सकाळी मी तिन्ही मूळ फिर्यादी काढल्या, सिनेमातला चेहरा आठवायच्या आधी बायकांनी सांगितलेल्या. तिघींनी एक गोष्ट सारखी सांगितली होती. तोतयाने शर्टाच्या छातीवरच्या खिशातून कागद काढला होता आणि त्यात दागिने बांधले होते. मी पंच बोलावले, सील फोडून वर्दी बाहेर काढली आणि त्याला घालायला लावली.

"आता खिशातून कागद काढून दाखव."

त्याने छातीवर बोटं फिरवली.

"काय झालं?"

"खिसा कुठाय, मॅडम?"

मी पुढे होऊन बघितलं. छातीवर नुसती पट्टी शिवलेली होती, वर बटण. आत खिसा नव्हता. पाठीकडून शर्ट उभा कापून नाड्या लावल्या होत्या, कुठल्याही पोटाला बसावा म्हणून.

"सिनेमाची वर्दी अशीच असते. कॅमेऱ्याला पुढचंच दिसतं."

"हे मंगळवारी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खिशाचं विचारलंच नाही."

झडतीच्या वेळी वर्दीची घडी उलगडून कोणी पाहिली नव्हती. मीही नाही.

खरा खिसा म्हणजे खरी शिवलेली वर्दी. पोलीस लाइनीजवळ वर्दी शिवणारे दोनच शिंपी होते. त्यातल्या एकाच्या मापाच्या वहीत मोठ्या कमरेचं एक गिऱ्हाईक सापडलं, ज्याने बिल्ला नंबर दिला नव्हता. राहणार कोसाड. पूर्वी एका कारखान्यावर पहारेकरी होता, कामावरून काढलेला. शुक्रवारी दुपारी त्याला उचलला. तासाभरात कबूल झाला आणि घरातून दागिन्यांपैकी बरेचसे निघाले.

बायकांना दागिने ओळखायला बोलावलं. खऱ्या तोतयाला समोर उभं केलं. पहिलीने स्वतःची पोत टेबलावरून उचलली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा कोण? ह्याला तर मी कधी बघितलंच नाही. तो परवाचा जाड्याच होता, बाई. तुम्ही त्याला सोडू नका."

मी कपाळाला हात लावला.

नटाच्या सुटकेचा कोर्टाचा हुकूम मिळेपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ झाली.

त्यानंतरच्या नोकरीत मी ओळख परेडला कधी आंधळेपणाने मान दिला नाही. माणूस खोटं बोलत नसतो. जो चेहरा त्याने सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेला असतो, तो त्याच्या आठवणीत येऊन बसतो आणि खऱ्याला जागा उरत नाही. नव्या फौजदारांना मी एवढंच सांगायचे की पहिली फिर्याद पुन्हा वाचा. आणि आरोपी फुशारकी मारतोय असं वाटलं, तर ती खरी आहे का हे आधी तपासा.

शनिवारी सकाळी मी पर्वत पाटियाच्या पलीकडच्या, शूटिंग चाललेल्या गुदामात गेले. वर्दीतच गेले, म्हणजे निर्माता ऐकेल. त्याला सांगितलं, "ह्या माणसावर गुन्हा नव्हता. चूक आमची होती. त्याचं काम त्याला द्या."

"बेन, काल अर्धा दिवस वाट पाहिली," तो म्हणाला. "मग दुसरा घेतला. त्याचे दोन सीन झालेसुद्धा."

नट कोपऱ्यात उभा होता. आमच्याकडून परत मिळालेली नाड्यांची वर्दी त्याच्या अंगावर होती. नव्या इन्स्पेक्टरच्या मागे धावणारा हवालदार लागत होता, आणि ती जागा त्याला लगेच मिळाली होती. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली. विनोद केला नाही.

निर्मात्याला खरी फौजदार आयती सापडली होती. "आल्याच आहात तर आमच्या इन्स्पेक्टरला जरा चालायला शिकवा ना," तो म्हणाला.

"ह्याला विचारा," मी कोपऱ्याकडे हात केला. "ह्याचं पाठ आहे."

ठाण्यात येऊन मी वरिष्ठांना लेखी खुलासा दिला. ओळख परेड घेण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता, असं लिहिलं. त्यामुळे एका माणसाचं काम गेलं, हेही लिहिलं. साहेबांनी ती ओळ तांबड्या शाईने खोडली. मी नवी प्रत काढली आणि त्यात ती पुन्हा लिहिली.