पाठीवरचा पितळी पंप

माझे अक्षर चांगले नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमले नाही आणि चौथीनंतर शाळा सुटली. लिहिताना ओळ सोडून अक्षरे खाली उतरतात, कुठे काना द्यायचा राहून जातो. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण माझ्या मागे कोणाच्या हाती लागलीच तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. चार लोकांत मला बोलता येत नाही. शब्द जिभेपर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. कागदाची मात्र तशी लाज वाटत नाही.

मला आमच्या पंपाबद्दल लिहायचे आहे.

महाराष्ट्र राज्य झाले, त्यानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. आम्ही खामगावात एका खोलीत भाड्याने राहत होतो. माझे मालक भिंतींना चुना मारण्याचे काम करीत. त्यांचा हात साफ होता आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने त्यांना पाठ टेकायला वेळ मिळत नसे. एका वर्षी एका गोदामाच्या भिंतीवर काम करताना शिडीची पायरी मोडली आणि ते वरून खाली आले. डावा पाय घोट्याच्या वर मोडला. हाड बसवणाऱ्याने बसवले, पण जरा वाकडे बसले. सपाटीवर ते चांगले चालत. शिडीवर मात्र तो पाय थरथरायचा. मी खाली शिडी धरून उभी असायची आणि तो पाय माझ्या डोक्यावर थरथरताना दिसायचा. पुढे पुढे मी वर पाहणेच सोडले. शिडी घट्ट धरायची आणि डोळे मिटून घ्यायची.

त्याच सुमारास गावात काचेच्या खिडक्या फार वाढल्या. दवाखाना, कचेऱ्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या इमारती, जिथे पाहावे तिथे उंचावर काचा. त्या पुसायला कोणी माणूस मिळत नसे. एक दिवस मालक खेड्यावर गेले होते, तिथे कोणाच्या तरी वावरात पंपाने पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, औषध मारताना त्यांनी पाहिले. घरी आले ते तेच डोक्यात घेऊन.

"पंपाच्या नळीले लांब बांबू लावला, बांबूच्या शेंड्याले कुंचला बांधला, तं खालूनच काच धुता येते का नाई?"

मी म्हटले, "येते."

एवढेच बोलले, पण त्या रात्री मला चांगली झोप लागली.

पंपाला पैसे नव्हते. मालकांचे थोरले भाऊ वारले होते आणि जाऊबाई गावी एकट्याच वावर पाहत. तोंडाने फटकळ, मनाने मोठी बाई. त्यांनी कापसाच्या पैशातून दीडशे रुपये काढले आणि हप्त्याहप्त्याने फेडायच्या बोलीवर मालकांपुढे ठेवले.

"घेऊन जा भाऊजी. पण एक आयकून ठेवा. ज्या दिवशी तुमी शिडीवर चढले, त्या दिवशी पंप माह्या वावरात. मी त्याच्यानं पऱ्हाटीवर औषध मारीन." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू वं? हे चढले तं मले सांगशीन का नाई?"

मी मान हलवली.

"मान नको हालवू, बोल."

"सांगीन."

"हे पाहा, मुकी बोलली!" असे म्हणून त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आले.

शेतीच्या अवजारांच्या दुकानात तीन तऱ्हेचे पंप होते. एक बादलीत उभा करून हाताने दाबायचा, स्वस्तातला. त्याचे पाणी कमरेच्या वर जेमतेम गेले. दुसरा पायपंप, लोखंडी बैठकीवर उभा, लांब नळीचा. दुकानदाराने तो बादलीत नळी टाकून दाबून दाखवला, तेव्हा पाणी पत्र्याच्या छपरावरून पलीकडे पडले. मालकांचे डोळे त्याच्यावरच खिळले. तिसरा पाठीवर बांधायचा पितळी पंप. त्याच्या टाकीत दीड घागर पाणी मावत होते आणि काखेखालून एक दांडा वर-खाली करायचा होता. त्याचा फवारा पायपंपाइतका जोरकस नव्हता.

"पायपंपच न्या," दुकानदार म्हणाला. "टाकी भरायचं लफडं नाई. जिथं हीर असन तिथं बादली भरा अन् दाबत राहा."

मी दुकानाच्या ओट्याखाली उभी होते. मालकांनी माझ्याकडे पाहिले. मला दिसत होते ते असे: पायपंप उचलायला दोन माणसे, म्हणजे कामाच्या जागी न्यायला रोज ठेला भाड्याने घ्यावा लागणार. आणि तो दाबायचा पायाने. कोणाच्या पायाने? हे सगळे दुकानदारासमोर बोलणे मला जमले नसते. म्हणून मी ओट्यावर चढले, पाठीवरच्या पंपाचे पट्टे खांद्यात घातले आणि उठून उभी राहिले.

"बाई, त्यात पानी भरल्यावर माणूस वाकते," दुकानदार म्हणाला.

मी पंप खाली ठेवला आणि बादलीकडे बोट दाखवले. त्याने हसत हसत टाकी भरली. मी ती पाठीवर घेऊन ओट्यावर तीन फेऱ्या मारल्या. डोक्यावर दोन आणि काखेत एक घागर आणणाऱ्या बाईला त्यात अवघड काही नव्हते. उलट हात मोकळे होते. पट्टे मात्र खांद्याला कापत होते, त्याखाली जुन्या लुगड्याची घडी घालावी लागेल, एवढे मी मनात ठरवले.

"ह्योच द्या," मालक म्हणाले. "पंप हिच्या पाठीवर, बांबू माह्या हातात."

दुकानदाराने पुन्हा पायपंपाचे नाव काढले, पण मालकांनी पैसे मोजायला सुरुवात केली होती.

बांबूलाही दोन दिवस गेले. जाड बांबू भक्कम, पण उभा धरला की शेंडा जड होऊन हात भरून येत. बारीक बांबू हलका, पण वर झुलायचा आणि कुंचला काचेऐवजी भिंतीवर फिरायचा. शेवटी बुरडाकडून मधल्या जाडीचे दोन वाळलेले पोकळ बांबू घेतले आणि एकात एक सारून सुतळीने आवळले. उंच खिडकी असली की दोन्ही, ठेंगणी असली की एक. रबरी नळी बाहेरून चिंध्यांनी बांधली. कुंचला घायपाताचा होता, चुना मारायचा असतो तसाच, पण कोरा. तो रात्रभर भिजवून दगडावर मोगरीने ठेचला, तेव्हा केसांसारखा मऊ झाला.

पहिले मोठे काम जलंबच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगचे मिळाले. तिथे कापसाची प्रत पाहायची एक लांब खोली होती. कापसाजवळ दिवा नेता येत नाही, आग लागायची भीती, म्हणून सगळा उजेड उंच काचांतून यायचा. बावीस खिडक्या होत्या. वर्षाची धूळ आणि रुईची तुसे त्यांच्यावर चिकटून बसली होती. हंगामाचा मुहूर्त दोन दिवसांवर होता. मुनीम म्हणाले, काम पसंत पडले तर दर तीन महिन्यांनी तुम्हीच या.

सकाळी आम्ही पोचलो. जिनिंगच्या फाटकाशीच विहीर होती, पाणी वर आलेले. माझे लक्ष मात्र रस्त्याकडे गेले. दोन-तीन बाया रिकाम्या घागरी घेऊन त्या विहिरीवरून पुढे चालल्या होत्या, आणि थोड्या वेळाने भरलेल्या घागरी घेऊन परत आल्या. माझे माहेर पूर्णेकाठचे. तिथे विहिरी खाऱ्या. जवळची विहीर सोडून बाई दूर जाते ती कशासाठी, हे मला कोणी सांगायला नको होते. ते शब्द माझ्या जिभेपर्यंत आले. पण विहिरीवर पाच-सहा हमाल बसले होते, मुनीम उभे होते, आणि मी गप्प राहिले. धुवायलाच तर पाणी पाहिजे, प्यायला थोडेच, असे मनाला समजावले.

काम झकास झाले. मी दांडा हलवायची, पाणी बांबूवरून वर चढायचे, मालक खालून कुंचला फिरवायचे आणि काळे पाणी भिंतीवरून खाली यायचे. हमाल काम सोडून पाहत उभे राहिले. एक म्हणाला, "आता बाई वरच्या देवालेही आंघोळ घालते का काय!" बावीस खिडक्या दुपारच्या आत झाल्या. ओल्या काचा आरशासारख्या दिसत होत्या.

भाकर खाऊन उठलो तोवर ऊन पडून काचा वाळल्या. मुनीम खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले.

"काय बे हे? काचेले देवी आल्या का?"

खरोखर तसेच दिसत होते. प्रत्येक काचेवर पांढरे ठिपके, पांढरे ओघळ. आतून पाहिले तर उजेड धुरकट झालेला. मुनीमांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि पुन्हा पाहिले.

"परवा गाड्या लागतीन. या उजेडात कापूस कोण पाहीन? मले नोकरी करायची हाय का नाई?"

"साहेब, पुसून देतो," मालक म्हणाले. "कोरड्या फडक्यानं पुसलं का जाते."

भिंतीला जिनिंगची शिडी टेकवलेली होती. मालकांनी ती उचलून पहिल्या खिडकीला लावली, फडके खांद्यावर टाकले आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मागून डावा पाय उचलताना तो थरथरला. बावीस खिडक्या होत्या. मी शिडी धरायला पुढे झाले, आणि शिडी धरण्याऐवजी त्यांचा सदरा धरला.

"अवो, चढू नका. पानी खारं हाय."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"कोन म्हणते?" मुनीमांनी विचारले.

"हिरीवरून बाया घागरी घेऊन पुढं जातात. सकाळपासून पाहून राह्यली मी. खारं नसतं तं कायले गेल्या असत्या? कोरड्यानं पुसून हे निघत नाई, अन् पुन्हा या पान्यानं धुतलं का ठिपके येतीनच."

मालकांनी पाय खाली घेतला. "मंग सकाळी काऊन नाई बोलली?"

हमालांपैकी एक म्हातारा म्हणाला, "बाई बरोबर बोलते. देवळामागची हीर गोडी हाय. आमीही तिथलंच पेतो."

मुनीमांनी दिवस बुडेपर्यंत वेळ दिला. देवळामागची विहीर दोन शेतांपलीकडे होती, वाट बांधावरची. पायपंप असता तर पिंपात पाणी भरून बैलगाडी शोधावी लागली असती, आणि त्या बांधावरून गाडी जात नव्हती. मी विहिरीवर टाकी भरायची आणि तशीच पाठीवर घेऊन यायची. पहिल्या फेरीनंतर एक गोष्ट ध्यानात आली. ठिपके घासून मऊ करायला खारे पाणी चालत होते, शेवटची धार तेवढी गोड्या पाण्याची पाहिजे होती. मधे नळीतले जुने पाणी काढून टाकायचे, नाहीतर पहिल्या काचेवर तेच उतरायचे. असे केल्यावर एका टाकीत चार खिडक्या होऊ लागल्या. सहा फेऱ्या झाल्या. शेवटच्या खिडकीवर ऊन पिवळे झाले होते. ती वाळेपर्यंत आम्ही खाली बसून राहिलो. एकही ठिपका आला नाही.

मुनीमांनी आतून कापसाचा एक पुंजका काचेकडे धरून पाहिला, बाहेर येऊन पैसे दिले आणि मला म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेले सकाळीच बोलत जा."

तेव्हापासून आमचा एक नेम झाला. नवीन काम घेण्याआधी मी तिथल्या पाण्याची बाटली भरून आणायची आणि घरी त्यात मूठभर तुरीची डाळ शिजायला टाकायची. डाळ गळाली तर ते पाणी चालते. दाणे टरटरीत राहिले तर शेवटच्या धारेचे पाणी दुसरीकडून आणायचे. ही गोष्ट मुनीमांनी गावभर केली. दवाखान्यातल्या कारकुनाने तर आम्हाला पाहताच विचारले, "काचा धुवायले आल्या का वरण लावायले?" मी पदर तोंडाला लावला, पण बाटली भरून घेतलीच.

जिनिंगचे काम दर तीन महिन्यांनी आमचेच झाले. मग दवाखान्याचे, मग दोन कचेऱ्यांचे. सकाळी मालक खांद्यावर बांबू घेऊन पुढे आणि मी पंप घेऊन मागे, असे आम्ही गावातून जायचो. लोक पाहायचे. मला लाज वाटायची, पण पाठीवरच्या पाण्याचे डचमळणे ऐकत चालायला बरेही वाटायचे.

पहिला हप्ता द्यायला गावी गेलो, तेव्हा मी जाऊबाईंना शिडीचे सांगून टाकले. सांगायचे कबूल केले होते. मालक माझ्याकडे पाहतच राहिले.

"किती पायऱ्या?" जाऊबाईंनी विचारले.

"एक. एकच पाय."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग अर्धा गुन्हा झाला. अर्धा पंप कसा नेऊ मी?" आणि आम्हाला जेवायला वाढले.

पुढचे हप्ते कधी वीस, कधी पंचवीस असे देत गेलो. एका पावसाळ्यात काम बसले, तेव्हा काहीच देता आले नाही, जाऊबाईंनी विचारलेही नाही. दुसरा हंगाम लागला. जिनिंगच्या खिडक्यांचे पैसे हातात आले त्याच आठवड्यात जाऊबाई बाजाराला आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. चहा झाल्यावर मालकांनी पैसे माझ्या हातात दिले, तूच दे म्हणाले. मी दहाच्या तीन नोटा त्यांच्यापुढे धरल्या आणि म्हटले, "जाऊबाई, हे शेवटचे."

त्यांनी नोटा मोजल्या, चंचीत ठेवल्या, चंचीची दोरी दोनदा गुंडाळली.

"फिटले वं सारे," त्या म्हणाल्या. "एकही पैसा राह्यला नाई."