एक विहीर, सात पिले

धुळ्याच्या बसस्थानकावर वडील मला पोहोचवायला आले, तेव्हा त्यांच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेला एक कोयता होता. मुंबईची गाडी लागायला अवकाश होता. चोपड्याकडच्या आमच्या गावाहून आम्ही सकाळीच निघालो होतो आणि वाटेत दोघांत चार वाक्येही झाली नव्हती. वडिलांना सारे गाव आबा म्हणे. आम्ही मुलेही आबाच म्हणत असू. गाडी लागल्यावर त्यांनी कोयता माझ्या हाती दिला. केळीची पिले काढण्याचा होता. मूठ त्यांच्या हाताने झिजलेली.

"हत्यार आपलं पाहिजे, भाऊ," ते म्हणाले. "काम तठलं, हत्यार आठलं." काम तिकडचे असले तरी हत्यार इकडचे.

गाडी सुटली. ते हात न हलवता उभे राहिले. मीही हात केला नाही.

जे गावात राहिले त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठीही. राहिलेल्यांना वाटते की गेलेले सुखात आहेत; गेलेल्यांना नेमके उलटे वाटते. मी दोन्ही बाजूंना राहून आलो आहे.

ती ऐंशीच्या दशकातली मधली वर्षे. आम्ही तीन भाऊ, शेत एका विहिरीवरचे, पीक केळीचे. केळीला पाणी फार लागते आणि विहीर दर उन्हाळ्यात थोडी अधिक खाली जात होती. एके दिवशी जेवताना आबा म्हणाले, "एक हीर, तीन तोंडं. कोनले तरी निंघनं पडी." त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. पण पाहत होते ते माझ्याकडे. मी धाकटा. केळीचे काम मला दोघा थोरल्यांहून चांगले येत होते, आणि तरी काढले मला. हा सल मी कोयत्याबरोबर पेटीत घालून नेला.

आबांच्या ओळखीच्या, धुळ्याच्या एका गृहस्थांकडून ओमानातल्या सलाला या गावी, केळीच्या मळ्यावर मुकादमाची जागा मिळाली होती. अरबस्तान म्हणजे वाळू, एवढीच माझी समजूत. सलाला समुद्रकाठी, हिरवे, नारळी-केळींचे निघाले. पहिल्या दिवशी केळीच्या ओळी समोर पाहून मी काही वेळ बांधावर नुसता उभा राहिलो. मग कामाला लागलो.

मळ्याचे धनी शेख सालिम सत्तरीचे होते. सकाळी नारळाखाली चटई टाकून कॉफी पीत बसत आणि तिथूनच सारा मळा पाहत. त्यांना अरबीखेरीज काही येत नव्हते, मला अरबीचे अक्षर ठाऊक नव्हते. मधला माणूस म्हणजे ड्रायव्हर कुट्टी. तो केरळचा, अरबी चांगली बोले, हिंदी ओढूनताणून. तो गाडी घेऊन बाजारात गेला की मी मुका होई.

चूक झाली ती अशाच, कुट्टी बाहेर असलेल्या एका आठवड्यात. केळीच्या बुंध्याभोवती नवी रोपे फुटतात, त्यांना आम्ही पिले म्हणतो. आमच्याकडे त्यांतले एक ठेवून बाकीची वेळच्या वेळी कापून टाकतात. नाहीतर ती आईच्या तोंडचे पाणी पितात आणि घड लहान राहतो. शेखांच्या जुन्या मळ्यात एकेका बुंध्याभोवती सहा-सात पिले माजलेली. पाहून माझा हात थांबेना. तीन दिवसांत मी अर्धा मळा साफ केला, कापलेली पिले चरीत टाकली, आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

शेख आले. चरीत पाहिले. एका पिलाला काठीने उलटे केले. मग जे बोलले ते मला समजले नाही, परंतु त्यांचा आवाज समजला. कुट्टीने नंतर सांगितले.

"भाऊ, शेख बहुत गुस्सा. बोलता है, पौधा नहीं काटा, मेरा वादा काटा."

तिकडची रीत अशी होती की जुन्या मळ्यातली पिले शेजारीपाजारी, सोयरे, कोणी नवा मळा करणारे, मागायला येत आणि धनी शब्द देई: हंगामानंतर घेऊन जा. त्या वर्षी शेखांनी चार घरांना शब्द दिला होता. चारही घरांची रोपे मी चरीत फेकली होती.

हंगाम संपला की मला परत पाठवायचे ठरले. परत म्हणजे कुठे? जिथे माझ्या वाटचे पाणी नव्हते तिथे. त्यातही अडाणी मुकादम म्हणून, केळीच्याच कामात चुकून. आबांनी दिलेल्या कोयत्याने. कुट्टीला मी म्हटले, माझे कारण त्यांना सांग. त्याने हात जोडले. "मैं बोलेगा तो मेरा भी टिकट कटेगा."

तेव्हा ठरवले, स्वतःच बोलायचे. हंगाम संपायला पाच महिने होते.

मळ्याच्या कुंपणाला लागून उस्ताद इद्रीस यांची खोली होती. ते सुदानचे, शाळेत शिक्षक. बायको-मुले तिकडे नाईलकाठी. मी खुणेने सांगितले, शिकवा. त्यांनी कारण विचारले नाही. आतून सोप्या केलेल्या जुन्या गोष्टींच्या पातळ पुस्तिका आणल्या. ठसठशीत अक्षर, प्रत्येक अक्षरावर उच्चाराच्या खुणा, पानोपानी सिंह, कावळे, कोल्हे. मी पुस्तक आपल्या सवयीने डावीकडून उघडले. अरबी पुस्तक उजवीकडून सुरू होते, त्यामुळे पहिल्याच चित्रात कोल्हा मरून पडला होता. उस्तादांनी पुस्तक माझ्या हातात फिरवले आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला हसू आले नाही. मी तिशी ओलांडलेला माणूस होतो आणि मुलांच्या पुस्तकासमोर बसलो होतो.

रोज दुपारच्या नमाजानंतर एक तास. उस्ताद वाचत, मी मागून म्हणे. मग बोट ठेवून एकट्याने वाची. चुकले की ते रागावत नसत; ओळीच्या आरंभी बोट परत नेऊन ठेवत, इतकेच. आजवर मला शिकवणाऱ्यांपैकी इतका धीर कोणी धरला नाही. मोबदल्यात त्यांनी काही घेतले नाही. केळफुलाची भाजी मात्र आवडीने खात.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट आली. डबक्यात बेडूक होते. कोल्हा म्हणाला, मी तुमची राखण करतो, तुम्ही फक्त गप्प राहा. तो रोज एक बेडूक खाई. शेजारचा कमी झाला हे प्रत्येकाला दिसे; पण गप्प राहायचे ठरले होते. शेवटी एकच उरला, तेव्हा तो ओरडला. ऐकायला कोणी नव्हते.

मी वाचता वाचता थांबलो. शेवट मला आधीच ठाऊक होता. केळीला पाटाचे पाणी देताना आबांनी ही गोष्ट आम्हा तिघांना सांगितली होती, अहिराणीत, बेडकांचे आवाज काढून. उस्तादांना ते सांगण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती. मी पुस्तकावर हात ठेवला, मग छातीवर ठेवला. त्यांनी मान हलवली. त्यांनाही ती त्यांच्या आजीने सांगितली होती, असे त्यांनी सावकाश, मला समजेल अशा शब्दांत सांगितले.

त्या दिवसापासून अरबी मला परकी वाटेनाशी झाली.

हंगाम संपत आला. एका सकाळी मी शेखांच्या चटईसमोर जाऊन उभा राहिलो. कुट्टी कॉफी ओतत होता. मला बाजारची अरबी येत नव्हती, मजुरांची येत नव्हती. पुस्तकातली तेवढी येत होती, जी तिकडे एरवी रेडिओवरच ऐकू येते. म्हणून पुस्तकात गोष्ट जशी सुरू होते तशीच केली.

"युहका अन्ना," मी म्हणालो. म्हणजे, असे सांगतात की.

शेखांचा पेला ओठाशी थांबला. कुट्टी खुसफुसला, "अरे भाऊ, तू तो रेडियो का समाचार बोलता है!" शेखांनी त्याला हाताने गप्प केले. गोष्ट सुरू झाली की मध्ये बोलायचे नाही, ही रीत तिकडेही आहे.

मी सांगितले. असे सांगतात की एका केळीला सात पिले होती आणि विहीर एक होती. सातही जणी पीत. आई वाळत चालली, मुलीही वाढेनात. दूर देशाचा एक माणूस आला. त्याच्या गावी सहांना काढतात आणि एकीला ठेवतात, म्हणून त्याने सहांना काढले. आई वाचली.

इथवर मी पाठ केले होते. पुढचे पाठ केले नव्हते, ते पुस्तकाच्याच थाटात तोंडातून आले. पण त्या मूर्खाने, हे राजा, काढलेल्या मुलींसाठी जमीन पाहिली नाही. ज्यांना काढायचे त्यांना जागा आधी पाहून ठेवावी लागते. ते त्याच्या बापाला ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते.

एवढे बोलून मी थांबलो. धुळ्याचे बसस्थानक समोर आले. आबांनी मला कापून चरीत टाकले नव्हते. जागा पाहिली होती, माणूस गाठला होता, हातात हत्यार दिले होते. काम येणाऱ्यालाच पाठवले होते, कारण परक्या मातीत तोच तगणार होता. हे मला परक्या भाषेत बोलताना कळले.

शेखांनी पेला चटईवर ठेवला. मग त्यांनी विचारले, "आणि तू? तू कितवे पील?"

"तिसरे," मी म्हणालो.

"पाणी मिळाले का?"

त्यांनी कुट्टीला खूण केली आणि माझ्यासाठी पेला भरायला लावला.

परत पाठवणे राहिले. दोन ओळी माझ्या रीतीने वाढवण्यासाठी मिळाल्या. पिले मी कापली नाहीत. कंदासकट खणून काढली आणि शब्द दिलेल्या चार घरी स्वतः पोहोचवली. पुढच्या वर्षी त्या दोन ओळींचे घड पाहून शेखांनी सारा मळा माझ्याकडे दिला. त्या मळ्यावर मी तेरा वर्षे काढली. लोक मला 'युहका' म्हणून हाक मारीत. मला राग येत असे. पुढे येईनासा झाला.

पहिल्या रजेवर घरी आलो तेव्हा आबांना ती बेडकांची गोष्ट अरबीतून वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला. आबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "कोल्हा नही रे भाऊ, बगळा व्हता. त्या लोकस्नी तुले चुकीनी गोष्ट सांगी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पन गोष्ट आपलीच शे. बठ्ठं जग फिरीसन घर उनी." सारे जग फिरून ती घरी आली होती. मी त्यांना शेखांना सांगितलेली गोष्ट सांगितली नाही. सांगायला हवी होती. पुढच्या रजेपर्यंत ते राहिले नाहीत.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस परतलो आणि जळगावला मेहरूण तलावाजवळ लहानसे घर बांधले. गावाकडचे शेत भाऊ पाहतात. गेलो की थोरला खुर्ची पुसून देतो, पाहुण्याला देतात तशी. पूर्वी खटकत असे. आता बसतो. सकाळी तलावाला एक फेरी, मग उस्तादांनी निरोपाला दिलेली एक पुस्तिका. रोज एक गोष्ट, मोठ्याने. बायको म्हणते, शेजारी काय म्हणतील. म्हणू देत.

सलालाहून निघताना शेख सालिम यांनी माझ्याकडे एकच वस्तू मागितली, कोयता. आबांचे वाक्य आठवून मी क्षणभर अडलो, मग दिला. शेख गेले त्याला बरीच वर्षे झाली. मळा त्यांचा मुलगा पाहतो. मागे त्याचा फोन आला. माझी अरबी अजून पुस्तकीच आहे, म्हणून हसला. मूठ बदलली, म्हणाला, पाते तेच आहे. पिले आजही त्यानेच काढतो, आणि दर हंगामाला चार घरी पोहोचवतो.

हत्यार आपले हवे, असे आबा म्हणत. ते आपल्याच माणसांत आहे.