मी पाल मोडलं नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फासा वळणं. तित्तर धरायचा आमचा फासा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. केसांचं एक टोक मी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून ताणून धरलं होतं, आणि माझी बायको दुसऱ्या टोकाला पीळ घालत बसली होती. जेऊर स्टेशनच्या पलीकडच्या माळावर आमची पालं पडली होती. पीळ सैल पडला की ती माझ्या पायावर चापट मारायची.

"अंगठा हाय का पिकल्यालं वांगं? ताणून धरा की!"

"तुला ताणायला आख्खा जल्म दिला, आता अंगठा बी दिऊ?"

तेवढ्यात सुईवाला आला. सरकारी दवाखान्याचा माणूस, अजून मिशी न जमलेला, सायकलवर. पटकीची साथ तेव्हा देशोदेशी हिंडत आमच्यापर्यंत आली होती म्हणे. ही माणसं गावोगाव सुया टोचत, विहिरीत पांढरी पूड टाकत फिरायची. एक पाय पायडलवर ठेवूनच त्यानं विचारलं, "पालात माणसं किती? कुणाला जुलाब, उलटी?"

उत्तर बायकोनंच दिलं. "हाईत चार-दोन माणसं. आजारी कुणी न्हाय. तुलाच काय हुतंय का बग, त्वांड उतरलंय तुझं."

सगळी पालं हसली. तोही हसला आणि गेला.

माझ्या धाकट्या भावाची सून त्याच वेळी मागच्या पालात गोधडीखाली पडली होती. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी तोंड उघडलं नाही. वाचणाऱ्याला हा येडेपणा वाटेल. पण आम्ही पारधी. माझा जन्म सोलापुरात तारेच्या कुंपणात झाला. इंग्रजांनी आमची जातच चोर ठरवून तिथं कोंडली होती. दुसरीपर्यंतची अक्षरं मला त्या तारेच्या आतच मिळाली. तिथं सकाळी हजेरी, सांजेला हजेरी. माणूस कमी भरलं की बापाच्या पाठीवर काठी. पुढं तार गेली, पण पालं मोजायला पोलीस येतच राहिला. म्हणून आमच्यात लेकराला आधी हेच शिकवतात, की विचारणाऱ्याला खरा आकडा द्यायचा नाही आणि कोण पडलंय ते तर मुळीच सांगायचं नाही.

चोर म्हणून सरकारनं आम्हाला पुरेपूर मोजलं. रोगी म्हणून मोजलं नाही. त्याला अर्धं कारण आमचं गप्प राहणं. उरलेलं अर्धं मी माझ्या अंगावर घेणार नाही. पालाला घरनंबर नसतो, आणि नंबर नाही त्याच्या दारात सुई येत नाही. गावच्या विहिरीत पूड पडली. पण त्या विहिरीवर आम्हाला चढू कोण देतंय? आम्ही ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचंच पाणी पीत राहिलो.

त्याच दुपारी बायकोला जुलाब-उलटी सुरू झाली. डोळे खोल गेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मी पाणी पाजत होतो, ते आत राहत नव्हतं. "माझं ऱ्हाऊ द्या, सुनंकडं बगा. तरणी हाय ती," एवढं धड बोलली. दिवस मावळायच्या आत गेली. माळावरच पुरली. माझं रडणं मी रडलो, ते इथं लिहीत नाही.

आमच्या पालांची रीत अशी, की माणूस मेलं की दुसऱ्या दिवशी उजाडताच ती जागा सोडायची. ज्याच्या पालातलं माणूस गेलं, त्यानं आपल्या पालाची खुंटी पहिली उपटायची. त्याच्या आधी दुसऱ्यानं हात लावला तर मेलेलं माणूस त्याच्या मागं लागतं. ह्या रीतीपायी आमचे मेलेले कुठंच मेले नाहीत. मागून कुणी बघायला यावं तर माळ रिकामा. इथं साथ नाही असंच तो सांगणार, आणि आम्ही तीच साथ पोटात घेऊन पुढच्या झिऱ्यावर.

उजाडलं तेव्हा भाऊ गाढवं घेऊन उभा. सुनेला गोधडीत गुंडाळलं होतं. हाक मारली तर पापणी तेवढी हलायची.

"दादा, खुंटी काड."

"न्हाय काडत."

"आरं, वैनी गेली त्या जाग्यावर ऱ्हातोस व्हय?"

"ऱ्हातो. सून तुझी गाढवावर मरंल. माळशिरसच्या वाटंला पुरशील तिला. फुडच्या मुक्कामाला कुनाला पुरनार?"

"मग काय पोलिसाला बलवतोस?"

"सुईवाल्याला."

"सरकारचा जावई झालास की रं!"

"झालो. मानपान म्हनून सलायनची बाटली मागतो, तुझ्या सुनंला."

तो मला मारू शकला असता. खुंटी उपटू शकला नसता. पाल तसंच ताठ उभं ठेवून मी गावात गेलो.

सुईवाला चावडीपुढं चहा पीत होता. चार माणसांदेखत मी म्हणालो, "काल सांगितलं ते खोटं हुतं. माळावर पटकी हाय. एक मेली, एक टेकलीया."

पोलीसपाटील फिस्कारला. "पारध्याचं काय खरं धरता सायेब? आज हाईत, उद्या न्हाईत. साथ मातूर आमच्या गावाच्या नावावर!"

सुईवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "बाबा, मी येईपर्यंत पालं राहतील का?"

"माझी खुंटी मी उपटल्याबिगर एक गाढव हालत न्हाय. चल तू."

त्यानं अर्धा चहा टाकला, जीपसाठी दवाखान्याला माणूस धाडला आणि मला सायकलवर मागं बसवलं.

माळावर आल्यावर आधी त्याला माझ्या पालापुढं थांबवलं. "हितली पयली मोजात धर."

"कोण?"

"जी न्हाय ती."

मग एकेका पालाचं पटकूर वर करत गेलो आणि आतलं प्रत्येक माणूस त्याला दाखवलं. निजलेलं, बसलेलं, लपलेलं, सगळं. बायका शिव्या देत होत्या, देऊ दिल्या. मागच्या पालापुढं भाऊ आडवा उभा होता. त्यानं एकदा माझ्या उभ्या पालाकडं बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडं. मग बाजूला झाला आणि सुईवाल्याला म्हणाला, "माझी सून हाय आत. वाकून ये, पाल बुटकं हाय."